ताटाचे माप

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील कोणत्याही शिक्षकास विचारावे. पाचवीपर्यंतच्या मुलामागे दररोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलामागे तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम आणि तेल साडेसात ग्रॅम, हा हिशेब तो पाढे म्हणावेत तसा म्हणून दाखवील. पहिल्या गटातील मुलास या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि दुसऱ्या गटातील मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा शालेय पोषण आहाराचा दंडकही त्यास ठाऊक असतो. हजेरीचा आकडा आणि शिजविलेल्या तांदळाचे वजन यांचा मेळ रोज घालावा लागत असल्याने ही माहिती त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र मधल्या सुटीत तोच शिक्षक स्वतःचा डबा उघडतो, तेव्हा त्या डब्यात तेल किती ग्रॅम आहे, पोळीस पीठ किती लागले आणि एकूण उष्मांक किती, असे त्यास विचारले, तर तो हसून विषय बदलील. मुलाच्या ताटाचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठाऊक आणि स्वतःच्या ताटाचा अंदाजही नाही, अशी ही स्थिती आहे.

यात शिक्षकाचा दोष नाही. छत्रपती संभाजीनगरमधील कचेऱ्यांतले कारकून, महाविद्यालयांतले विद्यार्थी, बँकांतले कर्मचारी, फार काय डॉक्टरांनी ‘जरा बेताने खा’ असे बजावलेले रुग्ण, या सर्वांची स्थिती याहून वेगळी नाही. ‘बेताने’ म्हणजे किती, हे आपल्याला कोणी शिकविलेलेच नाही. गणिताच्या पुस्तकात आपण हौद भरणाऱ्या आणि रिकाम्या करणाऱ्या नळांची उदाहरणे सोडविली. पण रोज दोन वेळा ज्याच्याशी गाठ पडते त्या ताटाचे एकही उदाहरण सोडविले नाही.

दुसऱ्याच्या भुकेचे गणित

आपल्या सार्वजनिक जीवनात उष्मांक हा शब्द आला तोच मुळी गरिबांची मोजदाद करण्यासाठी. प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी दररोज २२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात मिळू शकेल, तो खर्च ही दारिद्र्याची सीमा मानली होती. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक हा निकष धरला. ज्याच्या पोटात एवढे जात नाही तो दरिद्री, अशी ही व्याख्या होती आणि त्या काळी ती आवश्यकही होती. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडीत दिवस काढले. रेशनवरील मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण सांगणारी माणसे आजही घराघरांत आहेत. त्या पिढीला ‘कमी खा’ असे सांगणे हा क्रूर विनोद ठरला असता.

ते गणित आजही संपलेले नाही. अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला ते सुमारे १६७ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला ३४७० उष्मांक लागतात. याचा अर्थ असा की, ऊसतोड कामगारास किंवा पहाटे मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसास रेशनच्या धान्यातून त्याच्या गरजेचा जेमतेम सहावा हिस्सा मिळतो. याच प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २११० उष्मांकांची आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रीची १६६० उष्मांकांची आहे. टेबलाशी बसणारा कारकून आणि ऊस तोडणारा मजूर यांच्या गरजेत १३०० हून अधिक उष्मांकांचे अंतर आहे. आणि कारकुनाच्या आजोबांनी शेतात राबताना जेवढ्या भाकरी खाल्ल्या, तेवढ्याच नातवाने कचेरीत बसून खाव्यात, असा आपल्या घरांचा आग्रह आहे. घोटाळा येथे सुरू होतो.

त्याचे परिणाम समोर आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे सांगितले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर अधिक आढळले. त्याच पाहणीत शेकडा १९ स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. एकाच देशात, बहुधा एकाच गल्लीत, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी नांदत आहेत. म्हणून ताटाचे माप शिकणे हे केवळ वजन उतरविण्याच्या हौसेचे शास्त्र नव्हे. कोणाच्या ताटात अधिक पडते आणि कोणाच्या ताटात उणे पडते, हे दोन्ही त्याच मापाने कळणार आहे.

वाटी म्हणजे किती?

आपल्याकडे माप नव्हते असे नाही. नेळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी मापांची उतरंडच होती आणि प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट होते. चार माणसांना किती चिपटी पीठ लागेल, हे घरातील बाईस न मोजता कळे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर ग्रॅम आणि लिटर आले. व्यवहार सोपा झाला, हे मान्यच करावयास हवे. परंतु नवे माप दुकानापर्यंतच येऊन थांबले. तेल लिटरने येते, पीठ किलोने येते. ताटात मात्र वाटी, पळी, मूठ आणि ‘अंदाज’ हीच मापे राहिली. त्यातही वाटी एका आकाराची राहिली नाही. कोणत्याही घरातील फडताळ उघडावे. आमटीची, श्रीखंडाची, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि तीर्थयात्रेहून आणलेली अशा चार आकारांच्या वाट्या तेथे सापडतील. त्यातील मोठीत लहानीच्या दुप्पट मावते. ‘मी फक्त एक वाटी भात घेतो’ या वाक्यास त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही.

पोळी-भाकरीचेही तेच. पंचवीस-तीस ग्रॅम कणकेचा पातळ फुलका सुमारे ८५ ते १०० उष्मांकांचा असतो. चाळीस ग्रॅम कणकेची, चमचाभर तेल लावलेली घडीची पोळी १८० उष्मांकांपर्यंत जाते. ज्वारीची भाकरी कोणी पन्नास ग्रॅम पिठाची थापते, कोणी शंभर ग्रॅमची. म्हणजे एक भाकरी १७५ उष्मांकांचीही असू शकते आणि साडेतीनशेचीही. ‘दोनच पोळ्या’ खाणारा गृहस्थ आणि ‘तीन फुलके’ खाणारा गृहस्थ यांत अधिक कोण खातो, हे संख्येवरून ठरत नाही.

या आकड्यांचा आधार आपल्या शेजारचाच आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेली आहारविषयक संशोधनाची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस आली आणि तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था होय. १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात आपला मराठवाडा होता, त्याच्या राजधानीत ज्वारी, बाजरी, तूर, शेंगदाणा, सीताफळ अशा आपल्या नित्याच्या अन्नाची कोष्टके तयार झाली. ती समजण्यास शास्त्राची पदवी लागत नाही. धान्य आणि डाळी कोणत्याही घेतल्या तरी १०० ग्रॅम कोरड्या वजनास साधारण साडेतीनशे उष्मांक, साखरेस चारशे, शेंगदाण्यास साडेपाचशेहून थोडे अधिक, तेलास आणि तुपास नऊशे. एवढे चार आकडे पाठ केले की रोजच्या स्वयंपाकाचा बहुतेक हिशेब सुटतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे आकडे कोरड्या धान्याचे आहेत. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात शिजून दीडशे ग्रॅमच्या आसपास होतो. त्यात पाणी वाढते, उष्मांक मात्र पावणेदोनशेच्या आतच राहतात.

पळी आणि उपवास

या चार आकड्यांत सर्वांत मोठा आकडा तेलाचा आहे आणि आपल्या नजरेस सर्वांत कमी दिसते तेही तेलच. भात ताटात दिसतो, पोळी मोजता येते. तेल भाजीत जिरून जाते. लहान चमचाभर तेल सुमारे ४० ते ४५ उष्मांकांचे. पण फोडणीस चमचा लागत नाही, पळी लागते आणि पळीस माप नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घरास महिन्याला ते सव्वातीन किलोपेक्षा किंचित कमी होते, म्हणजे लिटरच्या साडेतीन पिशव्या. पंधरा किलोचा डबा आणणाऱ्या कुटुंबास तो साडेचार महिने पुरावयास हवा. वाचकांनी डबा आणल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. तो किती दिवस पुरतो, यावरून घराचा हिशेब एका नजरेत कळेल.

उपवासाचे उदाहरण याहून बोलके आहे. पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचे कूट, तीन लहान चमचे तूप आणि एक लहान बटाटा यांची खिचडीची एक ताटली सुमारे सहाशे उष्मांकांची होते. शंभर ग्रॅम पिठाची दीड भाकरी, वाटीभर वरण आणि एक भाजी यांचे पुरे जेवणही जवळपास तेवढ्याच उष्मांकांचे असते. फरक एवढाच की, जेवणात डाळीची प्रथिने आणि भाजीचा चोथा असतो, तर साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्यांजवळ उष्मांकांचे कोष्टक नव्हते. त्यांनी नुसत्या निरीक्षणावरून हे ओळखले होते. यात श्रद्धेचा अधिक्षेप नाही. उपवास करावा, परंतु उपवासाच्या दिवशी आपण कमी खाल्ले, हा समज मात्र तपासून घ्यावा.

कचेरीतील चहाचीही गोष्ट अशीच. एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत पन्नास ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा की, वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाच्या उष्मांकांच्या शेकडा पाचापेक्षा कमी असावी. हे प्रमाण पंचवीस ग्रॅमच्या आसपास येते. टेबलावरील चहा त्याच्या दुप्पट साखर देऊन जातो आणि आपण त्यास खाणे मानीतही नाही.

फलकाने काय साधेल?

शासनाचे या प्रश्नाकडे लक्ष गेले आहे, ही समाधानाची बाब होय. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेविषयीचे फलक लावण्यास सांगितले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल व साखर यांचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्याची सूचना केली. जुलैमध्ये नागपूरच्या एम्सचे नाव घेऊन समोसा-जिलेबीवर इशारे छापले जाणार, अशा बातम्या आल्या, तेव्हा मंत्रालयास खुलासा करावा लागला की, हातगाडीवाल्यांच्या पदार्थांवर कोणतीही इशाऱ्याची चिठ्ठी लावावयाची नाही. चर्चा समोशाची झाली आणि मापाची राहून गेली.

फलक निरुपयोगी आहे असे नव्हे. परंतु फलक पदार्थाविषयी सांगतो, आपल्या हाताविषयी सांगू शकत नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थाच्या यादीत उष्मांक द्यावेत, हा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे. गुलमंडीवरील भज्यांच्या गाडीस किंवा कॉलेजसमोरील वडापाववाल्यास तो लागू नाही आणि होणेही शक्य नाही. पाकिटातील फरसाणावर १०० ग्रॅमचे उष्मांक छापलेले असतात, ते बहुधा पाचशेच्या वर असतात. पण परीक्षेच्या अभ्यासास बसलेला विद्यार्थी पाकीट फोडतो, तेव्हा त्याचा हात शंभर ग्रॅमवर थांबेल की पन्नासवर, हे पाकीट ठरवीत नाही. ते त्याच्या नजरेने ठरवावयास हवे आणि नजर शिकवावी लागते.

ती शिकविणे अवघड नाही. एक आठवडा घरात लहान तराजू ठेवावा. भाकरीचे पीठ, पोळीचा गोळा, भाताचे तांदूळ आणि फोडणीचे तेल एकदा मोजावे. नेहमीच्या वाटीत किती मावते, पळीत किती मावते, आपल्या मुठीत शेंगदाणे किती ग्रॅम बसतात, हे लिहून ठेवावे. आठवडा संपल्यावर तराजू परत करावा. सराफास सोन्याचे वजन हातावर कळते, किराणा दुकानदाराचा हात पाव किलोवर आपोआप थांबतो. तसा आपला हात आपल्या वाटीस सरावतो. जन्मभर जेवताना आकडेमोड करीत बसण्याची आवश्यकता नाही.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, शरीर हे काही यंत्र नव्हे की ठरावीक इंधन घातले आणि ठरावीक काम घेतले. हा आक्षेप खरा आहे आणि तो एका थोर मराठी संख्याशास्त्रज्ञाने मांडलेला आहे. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आयुष्याचा मोठा काळ जागतिक अन्न व शेती संघटनेत घालविला. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीचा आकडा प्रत्येकाच्या माथी मारू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. गरिबी मोजताना हा विचार किती धरावा, यावर त्यांचा आणि दांडेकरांचा मोठा वाद झाला. तो तज्ज्ञांचा प्रश्न आहे. आपल्यापुरता बोध एवढाच की, उष्मांकाचा आकडा हा वाटाड्या समजावा, हुकूम समजू नये. आज थोडे अधिक झाले म्हणून अपराधी वाटण्याचे कारण नाही. वाढत्या वयातील मुलामुलींना तर वजनावरून टोचून बोलणे किंवा उपाशी ठेवणे सर्वथा अयोग्य होय. त्यांना पदार्थाचे माप शिकवावे, शरीराची लाज शिकवू नये. मधुमेहींनी आपला आहार वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवावा, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप आपल्या संस्कृतीचा आहे. मोजून वाढणे हे कद्रूपणाचे लक्षण समजले जाते. पाहुण्यास आग्रह करावा, पानात पडेल ते संपवावे, ही आपली रीत. या शहरात नान-खलियाच्या जेवणावळी उठतात. दौलताबादेस राजधानी हलविणाऱ्या तुघलकाच्या लष्कराशी लोकपरंपरा त्या पदार्थाचा संबंध जोडते. पुरणपोळीवर तुपाची धार धरली जाते. हे सारे टिकावे, असेच कोणीही म्हणेल. परंतु सणाचे जेवण सणाला असते म्हणून ते सणाचे. लग्नाची पंगत वर्षातून चार वेळा उठते, फोडणीची पळी मात्र दिवसातून दोनदा पडते. आणि मापाचा प्रश्न त्या पळीचा आहे.

शेवटचे ताट

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. वर जो आठवड्याचा तराजू सुचविला, त्यावर घरातील एकाच ताटाचे वजन करून भागणार नाही. बहुतेक घरांत पुरुष आणि मुले आधी जेवतात, वाढणारी स्त्री मागाहून बसते. उरलेली दीड पोळी, भांड्याच्या तळाची आमटी आणि कालचा भात हे तिचे जेवण. कधी उणे पडते म्हणून ती कमी खाते, तर कधी अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले सारे तीच संपविते. तिची भूक तिचे ताट ठरवीत नाही, भांड्यात काय उरले ते ठरविते. देशातील पाहणीत कृश स्त्रियाही आढळतात आणि स्थूल स्त्रियाही आढळतात, त्याची कारणे अनेक असतील. त्यांतील एक आपल्याच स्वयंपाकघरात असावे, असे मानावयास जागा आहे. शेतावर राबणाऱ्या बाईची गरज बैठ्या कामाच्या पुरुषापेक्षा सहाशे उष्मांकांनी अधिक असते, हे कोष्टक सांगते. पण आपले वाढप आजही पुरुषाकडून सुरू होते. ज्या घरात सर्वांच्या ताटांचे माप एकदा लिहिले जाईल, त्या घरात ही विषमता झाकून राहणार नाही.

म्हणून हे काम शाळेने हाती घ्यावे. त्यासाठी नवे पुस्तक नको, स्वतंत्र तासही नको. शालेय पोषण आहाराचा तराजू आणि नोंदवही अनेक शाळांत आहेच. सातवी-आठवीच्या मुलांनी आठवडाभर आपल्या घरातील प्रत्येकाच्या एका जेवणाची नोंद वाटी, पळी आणि ग्रॅम यांत करावी, त्याचे उष्मांक काढावेत आणि ते त्या व्यक्तीच्या कामाशी ताडून पाहावेत. गणिताच्या शिक्षकास यातून त्रैराशिकाची उदाहरणे मिळतील, विज्ञानाच्या शिक्षकास आहाराचा धडा मिळेल. मुलांची नावे व वजने वर्गात वाचून दाखवू नयेत, एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे. शासनाने माणशी उष्मांक मोजून गरिबी ठरविली, मुलांच्या पानात तांदूळ तोलून टाकला. तेच माप आता घरच्या सर्व ताटांना लागले पाहिजे, आणि त्यात आईचे ताट पहिले असावे.